भेग आहे तिथेच

४ मार्च, सोमवार

कचेरीतून इंजिनीअर बाई आली. वय माझ्या नातीएवढं, पायात बूट मात्र गवंड्याचे. आल्या आल्या भिंतीला कान लावून उभी राहिली. मी म्हटलं, "ताप नाहीये तिला." ती हसली नाही. भेगेवर काचेची एक पट्टी आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना लुकण लावून चिकटवली.

"आजी, ही काच फुटली तर समजायचं, भिंत हलतेय. रोज बघायचं आणि वहीत लिहायचं."

"भिंत पडली तर आवाज येईलच की. लिहायचं कशाला?"

"लिहायचं," म्हणाली. वहीपण तिनेच दिली.

म्हणून लिहिते आहे. शिकले चौथीपर्यंत. शाळा सुटली ती कापणीला हात कमी पडत होते म्हणून, डोकं कमी पडत होतं म्हणून नाही.

भेग: आहे तिथेच.

५ मार्च

भेग: आहे तिथेच.

एवढंच लिहायचं असेल तर ही वही मला जन्मभर पुरेल आणि उरेल ती लेकीला.

८ मार्च, शुक्रवार

तीन शब्दांसाठी अख्खं पान वाया जातंय, ते बघवत नाही. तर जरा नीट लिहिते.

आमचं घर म्हणजे दोन घरं आणि एक छप्पर. अलीकडे मी, पलीकडे माझी मोठी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही गेले. ती थोरली, मी धाकटी. केस पिकले, दात गेले, तरी मी धाकटीच. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीला ही भेग.

घरं जुन्या मालकाने शेतावरच्या मजुरांसाठी बांधलेली. फार खर्च केला असं कोणी समजू नये. समोर डबकं आहे, तिथली माती खणून भिंती उभ्या केल्या. खड्डा उरला त्यात पाणी साचलं, बदकं आली, आणि आता लोक गाडी थांबवून फोटो काढतात. छपराला मालकाच्याच गव्हाचा पेंढा. वासे म्हणजे ओढ्याकाठची झाडं, साल काढायचीसुद्धा तसदी घेतलेली नाही. दगड लागला तेवढा जोत्याला. भिंती दीड हात जाड, खिडक्या मांजराच्या मापाच्या, आणि दार इतकं ठेंगणं की शहाणा माणूस आत येताना एकदा तरी कपाळ आपटतोच. इंजिनीअर बाईनेही आपटलं. मला बरं वाटलं.

काम असेपर्यंत घर, काम सुटलं की घर सुटलं, असा तेव्हा नियम होता. म्हणून आमचे सासरे मालकाला कधी उलट बोलले नाहीत, सगळं घरी येऊन बोलायचे. पुढे मालकाच्या नातवंडांनी शेती विकली आणि राहत होतो ती घरं आमच्या नावावर करून दिली. वाटेवर अशी घरं बरीच होती. एकेक करून पाडली. आमचं हे एकच छप्पर उरलं.

आता भेग पडली. भेग आधी दिसली थोरलीच्या पोराला, म्हणजे माझ्या पुतण्याला. त्याने लगेच कचेरीत कळवलं. असल्या गोष्टींचा गवगवा करायची त्याला फार हौस. भिंत हलते आहे असं ठरलं तर घर धोक्याचं म्हणून रिकामं करायचं आणि पाडायचं. थोरली जाईल पोराकडे, मी जाईन लेकीकडे. दोन टोकांना दोन शहरं.

मला काय, मी कुठेही राहीन.

भेग: आहे तिथेच.

११ मार्च, सोमवार

आज भेग नीट पाहिली. भेगा कशा, विजेसारख्या वाकड्यातिकड्या जातात. ही ओळंबा सोडून मारल्यासारखी सरळ उभी. जमिनीपासून वर जाते, माझा हात पुरतो तिथे थांबते आणि काटकोनात आडवी वळते. आमच्या घरात भेगसुद्धा शिस्तीत पडते.

खुर्ची त्या भिंतीजवळ नेली. तिथे खिडकी नाही, पण डोळ्यांना बरं वाटतं. शिवाय काचेवर लक्ष राहतं.

पलीकडे काहीतरी सारखं गुणगुणतं. रेडिओ नाही. थोरलीचा रेडिओ मला माहीत आहे, बातम्या लागल्या की ती बंद करते.

मी काही कान देऊन बसत नाही. भिंत पातळ झाली असेल.

१३ मार्च, बुधवार

शाकारणारा आला होता. लांब मान आणि त्याहून लांब पाय, शिडीवर एका पायावर तासन्‌तास उभा राहतो, म्हणून सगळे त्याला बगळ्या म्हणतात. त्याच्या बापानेही आमचं छप्पर शाकारलं होतं. आढ्यावरचा पेंढा विरला आहे, तो यंदा बदलायचा. पण घरच राहणार नसेल तर टोपी शिवायची कोणासाठी, म्हणून नुसता बघायला आला.

माळ्यावर चढला, बराच वेळ उतरेना.

"झोपलास का रे?"

"मावशी, कधी वर आला होतात?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून वेळ मिळालेला नाही."

मग खाली येऊन मला शिकवायला लागला. छपराचा जुना पेंढा कोणी काढत नाही, वरचं कुजलेलं खरवडायचं आणि त्यावर नवा थर बसवायचा. म्हणजे सगळ्यात आतला थर घर बांधलं तेव्हाचा. तो म्हणे काजळीने काळा ठिक्कर पडला आहे. तेव्हा धुरांडं नव्हतं, चुलीचा धूर छपरातूनच वाट काढायचा.

"आणि मावशी, तो काळा थर इकडून तिकडे सलग आहे. थोरल्या मावशींच्या चुलीवर सगळ्यात काळा, तुमच्याकडे येता येता फिका होत जातो."

म्हणजे तिची चूल जास्त पेटायची आणि माझी कमी, असंच ना? मी त्याला स्पष्ट सांगितलं, या घरात पाहुणा आला की जेवण माझ्याकडे असायचं. तिच्याकडे फक्त चहा.

"तसं नाही हो मावशी. तुमच्या चुलीच्या वर तर काहीच..."

"चहा पी आणि नीघ."

नाहीतरी या बगळ्यावर माझा राग आहे. थोरलीचा आणि माझा अबोला याच्यामुळेच. मागच्या वेळी शाकारलं तेव्हा याने शेवटी पेंढ्याचा एक पक्षी वळून आढ्यावर बसवला. तसा त्यांचा रिवाज, एका छपराला एक पक्षी. बसवला थोरलीच्या टोकाला, वारा तिकडून कमी लागतो म्हणे. मी म्हटलं, छप्पर दोघींचं, पक्षी मधे हवा. थोरली म्हणाली, "माझे ते थोरले होते, पक्षी माझ्याच बाजूला राहील." मी म्हटलं, "मग बसा पक्ष्याशी बोलत." आणि खरंच बोलणं बंद झालं.

पक्षी पहिल्याच वर्षी कावळ्यांनी काडी काडी करून नेला. अबोला आहे तसाच आहे.

भेग: आहे तिथेच.

१७ मार्च, रविवार

पुतण्या आला होता. आधी आईकडे, मग माझ्याकडे, हातात केळी.

"काकू, बाई शुक्रवारी येणार आहेत. काच फुटली असेल तर घर महिन्याभरात खाली करायचं. मी आईचं सगळं ठरवलंय. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"तुझ्या आईला लिफ्टमध्ये गरगरतं."

"तुला कोणी सांगितलं? तुम्ही तर बोलत नाही."

"बोलत नसलो म्हणून काय झालं, ठाऊक असतं."

तो म्हणाला, आईला थंडी सोसत नाही, चूल पेटवायला वाकता येत नाही, म्हणून त्याने तिची चूल बंद करून विजेचा हीटर लावून दिला. भिंतीला लावून, म्हणजे पायात येणार नाही. तेच ते गुणगुणणं. दिवसभर लावून ती त्याच्याजवळ बसते म्हणे.

माझ्या चुलीजवळ यायला तिला कोणी अडवलं होतं? पण नाही. पक्षी.

लेकीचाही फोन. "आई, भांडी कुठली घेशील ते ठरवून ठेव." मी म्हटलं, इथे भिंत पडायची आहे, भांडी कसली ठरवतेस. तिने फोन ठेवला की मी भांड्यांकडे पाहिलं. सगळी माझी नाहीतच. मोठं पातेलं थोरलीचं. बोलणं बंद झालं तेव्हा इकडेच राहिलं. परत द्यायचं म्हणजे बोलावं लागेल.

भेग: आहे तिथेच. काच धड आहे. चष्मा लावून दोनदा पाहिली.

१८ मार्च, सोमवार

आज एक विचित्रच झालं.

दुपारी खुर्चीत बसले होते. काचेच्या थोडं खाली, भेगेतून एक पेंढ्याची काडी बाहेर आली. हळूहळू, गोगलगाय डोकं काढते तशी. मी पाहतच राहिले. उंदीर काड्या ढकलत नाहीत. मी बोटाने काडी परत आत सारली. जरा वेळाने पुन्हा आली. पुन्हा सारली. कुठे अडत नव्हती, सुईत दोरा जावा तशी जात होती. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जरा जोरात ढकलली.

"अगं धाकटे! डोळा फोडशील माझा!"

इतक्या वर्षांत पहिला शब्द. आणि तो असा.

"भेगेला डोळा लावायला कोणी सांगितलं होतं?"

"मी बघत होते, आरपार आहे का."

"आहे. दिसलं ना? झालं?"

तिने काडी आपल्याकडे ओढून घेतली. हीटर तेवढा गुणगुणत होता.

मग म्हणाली, "तुझ्या चुलीचा वास येतो इथून."

"धूर येतो म्हणून तक्रार करायची असेल तर पोराला सांगा. तो लिहून देईल कचेरीत."

"तक्रार नाही गं. येतो, एवढंच म्हटलं."

मग मीच विचारलं, "शुक्रवारचं कळलं ना?"

"कळलं. तुझ्या लेकीकडे खिडकीतून काय दिसतं?"

"दुसऱ्याची खिडकी. तुमच्या पोराकडे?"

"लिफ्ट आहे."

"मग काय, झालंच."

"हो. झालंच."

एवढंच बोलणं झालं. भांडण मिटलं असं कोणी समजू नये.

मोठ्या पातेल्याचं राहूनच गेलं विचारायचं.

२० मार्च, बुधवार

परवा बाई येणार आणि भिंत बघावी तर धुराने पिवळी, कोपऱ्यात जाळी. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेतानासुद्धा तोंड धुवून नेतात. दरवर्षी या सुमाराला आम्ही चुना काढतोच. चुना कालवला, कुंचला बांधला आणि चारही भिंतींना भरपूर हात फिरवला. वर पोचेना तिथे स्टुलावर चढले. लेकीला सांगायचं नाही.

पलीकडून आवाज आला, "काय चाललंय गं? थेंब येताहेत इकडे."

"चुना."

"मला न सांगता?"

"तुम्ही कधी मला सांगून काढलात?"

"माझ्याकडे कोण काढणार आता. मला वाकवत नाही." मग म्हणाली, "वासच किती छान आहे."

भिंत ओली आहे, पण उद्या सकाळी बघावी अशी होईल.

नंतर

आता लिहायला बसले, भेग बघायला गेले. भेग भरून गेली आहे. काच दिसत नाही. काचेवर पण चुना बसला.

अरे देवा.

ओल्या फडक्याने पुसून पाहिलं तर लुकणच हलायला लागलं. सोडून दिलं. काच फुटलेली आहे की धड, ते आता मला काय, कोणालाच कळणार नाही. हात सवयीने फिरतो. काच काय, मांजर बसलेलं असतं तरी पांढरं झालं असतं.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी उठून पाहिलं तर काय! बाकी भिंत वाळून पांढरी शुभ्र, आणि त्या भिंतीच्या मधोमध भला मोठा ओला डाग. जमिनीपासून वर माझा हात पुरतो तिथपर्यंत. रुंदी माणूस आडवा न वळता जाईल एवढी. कडा अशा सरळ, जसं कोणी ओली चादर टाकून गेलं आहे. भेग होती तिथून डाग सुरू होतो आणि आडव्या भेगेपाशी संपतो.

ओल चढली. भिंत आतून गेली, दुसरं काय. मीच बादलीभर पाणी पाजलं तिला.

दिवसभर चूल पेटती ठेवली, डाग वाळावा म्हणून. संध्याकाळी हात लावून पाहिला, अजून गार.

थोरलीला सांगितलं भेगेतून. म्हणजे भेग होती त्या जागेतून, जरा ओरडून. मला वाटलं, आता टोमणा येणार. ती म्हणाली, "उद्या बाई आली की मी येते तिकडे. एकटीने ऐकू नकोस."

"तुम्हाला पुढून फिरून यायला जोर आहे का?"

"काठी आहे."

मोठं पातेलं घासून दाराशी ठेवलं. घर सोडायचं तर ज्याचं त्याच्याकडे गेलेलं बरं.

२२ मार्च, शुक्रवार

सगळं लिहिते, सावकाश.

बाई आली. पुतण्या आधीच येऊन बसला होता. थोरली काठी टेकत, धापा टाकत आली. उंबऱ्यापाशी थांबली, कपाळ न आपटता वाकली. विसरली नाही. पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तुझ्याकडेच होतं होय?" मी म्हटलं, "बसा आधी."

बाईने भिंत पाहिली. मग मला पाहिलं.

"आजी, काच कुठेय?"

"आहे तिथेच. पांढरी झालीय."

ती खालीच बसली. चिडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "आता मला कळायला मार्ग नाही, भिंत हलली की नाही. कळत नाही तेव्हा मी धोका आहे असंच लिहायला हवं. माझी इच्छा नाही, पण माणसं आत राहतात."

पुतण्या म्हणाला, "मी म्हणतच होतो, काकू..."

"तू गप्प," थोरली म्हणाली.

मी काय बोलणार? म्हटलं, "लिहा. चूक माझी आहे. पण यांचं सामान आधी हलवायचं नाही. यांना लिफ्टमध्ये गरगरतं." एवढं बोलून मी चहा ठेवायला उठले. डोळ्यात चुना गेला होता परवा, तो अजून चुरचुरतो.

पाणी उकळायला लागलं. वळून पाहिलं तर बाई भिंतीपासून दूर, पार माझ्या पलंगाला टेकून उभी. मान एका बाजूला कललेली.

"हा डाग कधीचा?"

"कालचा. चुन्याचं पाणी पिऊन बसलीय."

"बाकी भिंत वाळली आणि एवढंच वाळलं नाही?"

"तेच तर म्हणते. सडली असेल."

ती बाहेर गेली, पुढून फिरून थोरलीच्या घरात शिरली. टकटक, टकटक. माझ्या भांड्यांपाशी एक आवाज, डागापाशी दुसरा, बद्द. परत आली, खिशातून चाकू काढला आणि डागाच्या कडेला खरवडायला लागली. माझा परवाचा चुना! त्याखाली आधीचा चुना, त्याखाली आणखी आधीचा, पापुद्रे निघत गेले. मग माती. मग लाकूड. उभं, काळं, पार जमिनीत गेलेलं.

ती हसायला लागली. गवंड्याचे बूट घालून एवढीशी पोर खुदुखुदु हसत होती.

"आजी, ही भेग नाही. हे दार आहे."

मी म्हटलं, "दार असतं तर मी इतकी वर्षं पुढून फिरून कशाला गेले असते?"

थोरली म्हणाली, "तू कुठे गेलीस?"

मग बाईने समजावलं. हे मुळात एकच घर, एका कुटुंबाचं. एक चूल, ती थोरलीकडे, म्हणून बगळ्याला तिकडे काजळी जास्त दिसली. माझी खोली म्हणजे धान्य ठेवायची किंवा निजायची. आमच्या आधी कधीतरी मालकाला एकाऐवजी दोन मजूर कुटुंबं घालायची होती, तेव्हा मधलं दार बुजवलं आणि माझ्याकडे धुरांडं काढून दुसरी चूल केली. म्हणूनच माझ्या चुलीच्या वर काळं नाही. दार बुजवताना घाई झाली. भिंत तुडवून तुडवून केलेली, भराव नुसता हाताने चापून भरलेला, दोघांची सांधणी नाही. इतकी वर्षं निभलं. मग या वर्षी भरावाला चिकटवून हीटर ठेवला. भराव वाळला, आखडला, आणि चौकट जशी होती तशी कडेने सुटली. पोकळ भराव पाणी जास्त पितो, म्हणून डागही दाराच्याच मापाचा.

"मग भिंत?"

"भिंत अजून शंभर वर्षं तुम्हाला पुरून उरेल." आणि पट्टीचं लुकण चाकूने अलगद उचकटलं, चुना पुसला. काच धड. ओरखडासुद्धा नाही.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे हे माझ्या हीटरमुळे?"

त्याचं तोंडच असं झालं होतं की मी त्याला पहिला कप दिला.

थोरली जायला उठेना. म्हणाली, जरा गुडघा मोकळा होऊ दे. जेवण होईपर्यंत गुडघा मोकळा झाला नाही. मोठ्या पातेल्यातच केलं.

भेग: नाही.



२५ मार्च, सोमवार

बाईने सांगितलंय, दोन उपाय आहेत. भराव काढून नीट तुडवलेल्या मातीने दार बुजवायचं, किंवा चौकट पक्की करून उघडंच ठेवायचं. तुम्ही दोघी ठरवा.

दोघी ठरवा म्हणजे झालंच.

मी म्हटलं, "बुजवलेलं बरं. इतकी वर्षं बंदच होतं."

थोरली म्हणाली, "हो, बुजवलेलंच बरं. तुझा धूर तुझ्याकडे."

"तुमचा रेडिओ तुमच्याकडे."

"तेच."

मला वाटलं होतं, ती थोडी तरी नको म्हणेल.

२६ मार्च

सकाळी बगळ्या आढ्याचं माप घ्यायला आला. थोरलीने त्याला बाहेरच गाठलं आणि मोठ्या आवाजात, म्हणजे मला ऐकू जाईल असं, विचारलं, "काय रे, दार बुजवायला माती किती लागेल? डबक्यातून आणावी लागेल ना? फारच त्रास गं बाई."

मी खिडकीतून म्हटलं, "डबकं उपसायचं म्हणजे बदकं कुठे जातील?"

"मी तेच म्हणते," थोरली म्हणाली. "बदकांचा विचार करायला हवा."

म्हणून दार उघडं ठेवायचं ठरलं. बदकांसाठी.

३ एप्रिल, बुधवार

गवंडी आणि बगळ्या दोघांनी मिळून भराव काढला. आत काय काय निघालं! फुटकं मडकं, गंजलेला नाल, एक बूट, एकच, आणि पेंढ्याच्या मुठी. मातीत बोटांचे ठसे, कोणी तरी हाताने चापून चापून बसवलेली. मी माझं बोट ठेवून पाहिलं. त्याचं मोठं होतं.

"ठसे माझ्या बाजूला आहेत," थोरली म्हणाली. "म्हणजे तो माणूस माझ्या घरात उभा होता."

"मग बाहेर कसा पडला? तुमच्या दारातून. म्हणजे जाताना चुलीवरचं काहीतरी उचलून गेला असेल."

ती हसली आणि खोकला लागला. खोकत खोकत हसत होती. धूळ फार उडाली.

शेवटचं ढेकूळ पडलं आणि समोर थोरलीचं घर. तिचा पलंग, तिचा रेडिओ, तिचा नवरा भिंतीवर फोटोत. दीर किती वर्षांनी दिसले. मी पदर सावरला. सवय.

हीटर पुतण्या घेऊन गेला. लिफ्टमध्ये घालून.

२१ एप्रिल, रविवार

आढं नवं झालं. पिवळं धमक, वासही तसाच. बगळ्या शिडीवर एका पायावर उभा, हातात पेंढ्याचा पक्षी. खाली बघून म्हणाला, "आता सांगा दोघी. मागच्या वेळचं मला पुन्हा नको."

मी म्हटलं, "थोरलीच्या बाजूला बसव. वारा कमी लागतो."

थोरली म्हणाली, "छे, मधे. धाकटी पहिल्यापासून बरोबर म्हणत होती."

"तुम्ही थोरल्या आहात."

"मग थोरली सांगते, मधे!"

"मी म्हणते ना, तिकडे!"

"मावशी," बगळ्या वरून म्हणाला, "मी दोन करू का?"

"नको!" दोघी एकदमच ओरडलो. डबक्यातली बदकं उडाली.

शेवटी तो खाली उतरला, आत गेला आणि पक्षी मधल्या दाराच्या चौकटीवर ठेवला. म्हणाला, बाहेर कावळे नेतात, इथे टिकेल. त्याची चोच कोणाकडे आहे यावर आमचं अजून ठरायचं आहे.

इंजिनीअर बाईचा फोन आला होता, वही बंद केली तरी चालेल. मी म्हटलं, पानं उरली आहेत, टाकायची कशाला.

भेग: नाही.

दार: उघडं. थोरली ते कधी लावत नाही. माझा धूर तिच्याकडे जातो आणि तिच्या बातम्या माझ्याकडे येतात. आता ती बातम्या लागल्या की बंद करत नाही. मोठ्याने लावते, मला ऐकू याव्या म्हणून.

उद्या सांगणार आहे, जरा बारीक करा. उद्या नाहीतर परवा.